करपल्लवी, नेत्रपल्लवी

आपल्या मराठीत दोन फार सुंदर शब्द आहेत आणि दोन्ही आता जवळजवळ विस्मरणात गेले आहेत. एक करपल्लवी आणि दुसरा नेत्रपल्लवी. करपल्लवी म्हणजे बोटांनी बोलणे, नेत्रपल्लवी म्हणजे डोळ्यांनी. नेत्रपल्लवी हा शब्द आज कुणी वापरलाच तर लग्नघरातल्या चेष्टेत वापरतो. पण हे दोन शब्द मला गेली काही वर्षे सारखे आठवतात ते वेगळ्या कारणाने. ज्यांची वाचा जन्मतःच चालत नाही किंवा आजाराने गेली आहे, अशा माणसांना बोलते करण्यासाठी जगभर ज्या युक्त्या आणि जी यंत्रे निघाली, त्यांचा इतिहास मी सवडीने वाचत गेले, आणि वाचता वाचता लक्षात आले की त्यातल्या पुष्कळशा गोष्टींची नावे आपल्याकडे आधीपासून होती.

करपल्लवीची पद्धत थोडक्यात सांगते, कारण पुढे तिचा उपयोग आहे. नागर लिपीची अक्षरे वर्गांत विभागलेली असतात हे आपण दुसरीत शिकलो. या पद्धतीत प्रत्येक वर्गाला हाताची एक मुद्रा दिलेली असे. नागाची फणा म्हणजे अहिफण, ती अकारादी स्वरांची. कमळाची मुद्रा क वर्गाची, चक्राची च वर्गाची, टंकार ट वर्गाचा, तरू त वर्गाचा. मुद्रेच्या नावाचे पहिले अक्षर तेच वर्गाचे अक्षर, म्हणजे पाठ करायला सोपे. आधी मुद्रा दाखवायची, मग वर्गातले कितवे अक्षर ते तितकी बोटे दाखवून सांगायचे, आणि मात्रा चुटकी वाजवून. कमळ आणि दोन बोटे म्हणजे ख. तरू आणि एक बोट म्हणजे त. चौसष्ट कलांच्या प्राचीन यादीत ‘अक्षरमुष्टिकाकथन’ नावाची एक कला आहे, तीही याच कुळातली.

अर्थात ही युक्ती मुक्यांसाठी नव्हती, गुप्त बोलण्यासाठी होती. आपल्याकडच्या बैलबाजारात दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालून बोटे दाबून सौदा करत, तोही याच हेतूने. बोलू शकणाऱ्या माणसांनी न बोलता बोलण्याच्या इतक्या तऱ्हा काढल्या, पण जो बोलूच शकत नाही त्याच्यासाठी यातली एखादी वापरून पाहावी, हे फार काळ कुणाच्या मनात आले नाही. त्याचे कारण बहुधा एका समजुतीत आहे. ज्याला बोलता येत नाही त्याला कळतही नाही, अशी ती समजूत. डॉक्टर सोबतच्या माणसाला विचारतात, “यांना काय होतंय?” आणि ‘हे’ समोर बसून सगळे ऐकत असतात.

वाचा आणि भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलाच्या मेंदूत भाषा शाबूत असू शकते, पण जीभ, ओठ, टाळू यांचे स्नायू त्याचे ऐकत नाहीत. मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये स्नायू हळूहळू कामातून जातात आणि पुष्कळदा बोलणे आधी जाते. घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र काढावे लागते. (पक्षाघातानंतर होणारा वाचाघात हा प्रकार वेगळा. त्यात प्रत्यक्ष भाषेलाच धक्का बसलेला असतो, त्यामुळे त्याचे उपायही वेगळे.) गांधीजी सोमवारी मौन पाळत आणि चिठ्ठीवर उत्तर लिहून देत. ती चिठ्ठी लिहून होईपर्यंत मोठमोठी माणसे शांत बसून राहत. मौन स्वतः घेतलेले असले की लोक थांबतात. नशिबाने आलेले असले की तेच लोक घड्याळ बघतात.

आता पश्चिमेकडचा इतिहास पाहू. अमेरिकेत १९२०च्या दशकात एफ. हॉल रो नावाचे सेरेब्रल पाल्सी असलेले गृहस्थ एक फळी जवळ बाळगत. तिच्यावर अक्षरे आणि नेहमीचे शब्द छापलेले होते. त्यावर बोट ठेवून ते बोलत. पुढे ती फळी छापून इतरांनाही वाटण्यात आली. या विषयातले जाणकार तिला पहिल्या संवादफलकांपैकी एक मानतात. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या एका गवंड्याच्या घरात जन्मलेल्या क्रिस्टी ब्राउनला फक्त डावा पाय वापरता येत असे. त्याने त्या पायाच्या बोटांत खडू धरून अक्षर काढले, त्याच्या आईने त्याला अक्षरओळख करून दिली आणि १९५४ साली ‘माय लेफ्ट फुट’ हे त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९६०च्या आसपास इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल रुग्णालयात रेज मेलिंग यांनी एक यंत्र तयार केले. नळीत फुंकर मारून किंवा हवा ओढून रुग्णाला घंटा वाजवता येई, दिवा लावता येई आणि पुढे टंकलेखनही करता येई. त्याचे नाव पॉसम. लॅटिनमध्ये पॉसम म्हणजे ‘मी करू शकतो’.

या सगळ्यांत मला सर्वांत विलक्षण वाटते ती चार्ल्स ब्लिस यांची हकिगत. ते १८९७ साली तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या चेर्नोविट्झ गावी एका ज्यू कुटुंबात जन्मले. त्या गावात अनेक भाषा बोलणारे लोक एकमेकांचा द्वेष करत राहत, आणि हे भांडण भाषेमुळे आहे असे त्यांना लहानपणापासून वाटे. शिक्षणाने ते रसायन अभियंता. १९३८ साली नाझींनी त्यांना आधी डाखाऊच्या आणि मग बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकले. तिथून सुटून ते इंग्लंडला आणि पुढे शांघायला पोहोचले. शांघायमध्ये त्यांनी दुकानांवरच्या चिनी पाट्या पाहिल्या. निरनिराळ्या बोली बोलणारे लोक तीच चित्राक्षरे आपापल्या बोलीत वाचतात, हे पाहून त्यांनी साऱ्या जगासाठी एक चिन्हलिपी रचायला घेतली. १९४९ साली सिडनीत त्यांनी तिचे पुस्तक काढले. जगाने त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

पुढे बावीस वर्षांनी, १९७१ साली, कॅनडात टोरांटोच्या अपंग मुलांच्या केंद्रातल्या शर्ली मॅक्नॉटन या शिक्षिकेला आणि तिच्या सहकाऱ्यांना हे पुस्तक सापडले. त्यांच्यापुढची मुले वाचायला अजून शिकली नव्हती आणि बोलू शकत नव्हती. त्यांनी ब्लिसची चिन्हे फळीवर मांडली आणि मुले त्यांवर बोट ठेवून वाक्ये करू लागली. ब्लिस यांना आधी आनंदाचे भरते आले. पुढे मात्र त्यांचे या शिक्षिकांशी बिनसले. शिक्षिका चिन्हे मुलांच्या गरजेप्रमाणे बदलत होत्या, इंग्रजी शिकण्याची पायरी म्हणून वापरत होत्या, आणि ब्लिस यांना तर इंग्रजीसकट साऱ्या भाषांवर मात करायची होती. वकील झाले, दावे झाले, अखेर १९८२ साली तडजोड झाली. १९८५ साली ब्लिस वारले. जगाची भाषा म्हणून काढलेली लिपी अखेर कामी आली ती व्हीलचेअरमध्ये बसलेल्या काही मुलांच्या. मी जन्मभर मास्तरकी केली, त्यामुळे माझी सहानुभूती शर्लीबाईंकडे झुकते हे कबूल. मुलासमोर फळी धरून बसणाऱ्याला ती रोज थोडी बदलावीच लागते.

याच सुमारास आपल्या मुंबईत एक मोठी गोष्ट सुरू झाली. मिठू अलूर यांची मुलगी मालिनी १९६६ साली जन्मली, तिला सेरेब्रल पाल्सी होती. तेव्हा आपल्याकडे या मुलांचे काही होणार नाही असाच सल्ला मिळे. अलूरबाई मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या, तिथे अशा मुलांच्या शाळा पाहिल्या, शिक्षण घेतले, आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. कुलाब्याच्या पहिल्या केंद्रात तीन मुले होती. अभिनेत्री नर्गिस या संस्थेच्या पहिल्या पाठीराख्यांपैकी. (ही संस्था आता ‘अडॅप्ट’ या नावाने ओळखली जाते.) पुढे कोलकात्याला सुधा कौल यांनी आणि चेन्नईला पूनम नटराजन यांनी अशाच संस्था उभ्या केल्या. चेन्नईच्या संस्थेचे नाव नंतर ‘विद्यासागर’ झाले, ते ध्यानात ठेवा, पुन्हा यायचे आहे.

मालिनी चिब मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि लंडनमध्ये त्यांनी दोनदा पदव्युत्तर शिक्षण घेतले. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव आहे ‘वन लिटल फिंगर’, कारण ते सगळे त्यांनी एका करंगळीने टंकलिखित केले. त्यांच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन त्यांच्या मावस-मामे नात्यातल्या दिग्दर्शिका शोनाली बोस यांनी २०१४ साली ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ हा चित्रपट केला. मालिनीबाई बोलण्यासाठी जे यंत्र वापरत, त्याचे नाव लाइटरायटर. कळा दाबून लिहायचे, मजकूर समोरच्याला दिसतो आणि यंत्र तो वाचूनही दाखवते. हे यंत्र काढणारे इंग्लंडचे टोबी चर्चिल हे स्वतः अभियंता. ऐन तारुण्यात मेंदूच्या तापाने त्यांची वाचा गेली आणि १९७३च्या सुमारास त्यांनी स्वतःसाठीच हे यंत्र बनवले. ज्याचे जळते त्यालाच कळते म्हणतात ते असे.

स्टीफन हॉकिंग हे नाव मात्र सगळ्यांना ठाऊक असते. १९८५ साली जिनिव्हात त्यांना न्यूमोनिया झाला, श्वासनलिकेला छिद्र पाडावे लागले आणि उरलेसुरले बोलणेही गेले. सुरुवातीला त्यांचे बोलणे कसे चाले माहीत आहे? समोरच्याने अक्षरांचा तक्ता धरायचा, एकेका अक्षरावर बोट न्यायचे, हवे ते अक्षर आले की हॉकिंगनी भुवया उंचवायच्या. झाली की नाही आपली नेत्रपल्लवी! नंतर कॅलिफोर्नियाच्या वॉल्ट वॉल्टोझ यांनी आपल्या सासूबाईंच्या आजारपणासाठी तयार केलेली ‘इक्वलायझर’ ही संगणकप्रणाली त्यांना पाठवली. मिनिटाला पंधरा शब्दांपर्यंत वेग गेला. त्यांचा तो प्रसिद्ध यांत्रिक आवाज एमआयटीच्या डेनिस क्लॅट यांनी स्वतःच्या आवाजावरून घडवलेला. आणि दैवदुर्विलास असा की त्या क्लॅट यांचाच आवाज कर्करोगाने हिरावून घेतला. १९८८ साली ते गेले आणि त्यांचा आवाज हॉकिंग यांच्या तोंडून आणखी तीस वर्षे, २०१८पर्यंत, बोलत राहिला. जानेवारी २००१ मध्ये हॉकिंग मुंबईला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चच्या परिषदेला आले होते, तेव्हा वर्तमानपत्रे त्यांच्या बातम्यांनी भरून गेली होती. त्या दिवसांत आमच्या शिक्षक-खोलीतही विश्वोत्पत्तीपेक्षा त्यांच्या खुर्चीची चर्चा अधिक झाली.

आता या इतिहासात मी कुठे येते ते सांगते. घरच्या मंडळींना ठाऊक आहे की माझ्या धाकट्या भावाला मोटर न्यूरॉन डिसीज झाला. आधी शब्द जड झाले, मग हात गेले. भाऊ बँकेत होता, हिशेबाचा पक्का. त्याची बुद्धी शेवटपर्यंत जशीच्या तशी होती. एका रुग्णालयात आम्हाला एक तक्ता दिला, त्यावर ए, बी, सी, डी. माणूस पुण्यात पेठेत वाढलेला, मराठी शाळेत शिकलेला, बायकोशी मराठीत भांडणारा. तो इंग्रजी अक्षरांतून मराठी बोलणार कसा? ‘त’ की ‘ट’, ‘न’ की ‘ण’, काही पत्ता लागेना. आमचे सगळ्यांचे चाले ते अंदाजपंचे. पाणी हवं का, पंखा हवा का, कूस बदलायची का? त्याचे डोळे नाही नाही म्हणत आणि भावजय रडकुंडीला येई.

तेव्हा मी पुठ्ठ्यावर आपली वर्णमाला लिहिली, जशी फळ्यावर चाळीस वर्षे लिहिली होती तशीच. पाच ओळी, ओळीत पाच अक्षरे. क ख ग घ ङ, च छ ज झ ञ, ट, त आणि प. सहावी ओळ य र ल व श. सातवीत ष स ह ळ आणि शेवटी अनुस्वार. आठवी ओळ मात्रांची: काना, वेलांटी, उकार, एक मात्रा, काना-मात्रा. नवव्या ओळीत कामाच्या गोष्टी: ‘अर्धे अक्षर’, ‘शब्द संपला’, ‘खोडा’, ‘पुढचे तुम्ही ओळखा’ आणि ‘ओळखू नका’. ऱ्हस्व-दीर्घ एकच ठेवले. मराठीच्या बाईंनी वेलांटीत भेद करायचा नाही म्हणजे काय, यावर भाऊ बोलू शकता तर नक्की बोलला असता.

वापरायची रीत अशी. आपण ओळींची पहिली अक्षरे म्हणायची: क, च, ट, त, प. हवी ती ओळ आली की त्याने भुवई उचलायची. मग त्या ओळीतली अक्षरे म्हणायची: प, फ, ब... भुवई. म्हणजे ब. मात्रांच्या ओळीत दुसरी, म्हणजे वेलांटी. य, र, ल, भुवई. बिल. त्या दिवशी एवढे झाल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो, कसले बिल? पुढे आले ‘भरल का’. विजेचे बिल! घरातली सगळी बिले आयुष्यभर त्याने भरलेली, आणि शेवटची तारीख उलटायला आली होती. दोन दिवस आम्ही त्याला पाणी आणि पंखा विचारत होतो आणि तो माणूस घर चालवत होता.

पुढे दोन अडीच वर्षे तो त्या पुठ्ठ्यावर बोलला. नातवाला रागावला, माझ्या चहाला नावे ठेवली, मुदत ठेवी कुठे आहेत ते सांगितले. एका रात्री भावजयीला त्याने एकच गोष्ट सांगितली, ‘तू झोप’. हे त्याच्या अपेक्षेत पंखा-पाणी शोधणाऱ्या आम्हा कुणालाही कधी ओळखता आले नसते. तो गेला त्याला आता बरीच वर्षे झाली.

तो पुठ्ठा करताना मला कळलेली एक गोष्ट मात्र या लेखाचे खरे कारण आहे. फ्रान्समधले संपादक जाँ-डोमिनिक बोबी यांचे सारे शरीर १९९५च्या डिसेंबरात झटक्याने लुळे पडले आणि एक डावी पापणी उरली. त्या पापणीने त्यांनी पूर्ण पुस्तक सांगितले, ते १९९७ साली निघाले. त्यांच्यासाठी फ्रेंच अक्षरांचा क्रम मुद्दाम बदलावा लागला, जास्त लागणारी अक्षरे आधी आणावी लागली, कारण ए, बी, सी, डी या क्रमाला काही अर्थच नाही, तो नुसता पाठ करायचा. आपला क्रम तसा नाही. कंठापासून निघून टाळू, मूर्धा, दात आणि ओठ असा तो तोंडातून बाहेर येत जातो. म्हणजे ती तोंडाची मोजणीच आहे, आणि पाच गुणिले पाच अशी चौकट आयती तयार आहे. ओळ आणि मग अक्षर अशा दोन टप्प्यांनी निवड करायची, ही पद्धत पश्चिमेकडच्या यंत्रांनी विसाव्या शतकात रूढ केली. करपल्लवीत वर्ग आणि मग बोटे, म्हणजे तेच की! काखेत कळसा नि गावाला वळसा. ज्याची जीभ कंठापासून ओठापर्यंत हलत नाही, त्याची भुवई तोच रस्ता कागदावर चालते.

या चौकटीचा उपयोग संगणकवाल्यांनी मात्र ओळखला, आणि त्यात आपल्या पुण्याचा वाटा आहे. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक ठरवला. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि क ज्या कळीवर त्याच कळीवर शिफ्ट दाबून ख. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. आयआयटी कानपूरमध्ये ज्यांनी भारतीय लिप्यांचे जिस्ट तंत्र विकसित केले होते ते मोहन तांबे तिथे आले आणि देवनागरी साध्या संगणकाच्या पडद्यावर दिसू लागली. आता एका बोटाने लिहिणाऱ्याला शिफ्ट आणि दुसरी कळ एकदम दाबता येत नाही. त्यासाठी संगणकात ‘स्टिकी कीज’ नावाची सोय असते, शिफ्ट एकदा दाबून सोडली तरी ती पुढच्या कळीपर्यंत धरलेली राहते. इंग्रजीत तिच्यावाचून बरेचसे भागते. इन्स्क्रिप्टमध्ये ख, घ, छ, झ यांतले एकही अक्षर शिफ्टशिवाय उमटत नाही, म्हणून मराठीत एका बोटाच्या माणसाला ही सोय हवीच. पुष्कळ घरांत ती संगणकात पडून असते आणि कुणाला माहीत नसते.

परदेशी बोलकी यंत्रे लाखांच्या घरात जात आणि इंग्रजी बोलत. ही कोंडी फोडली ती चेन्नईच्या अजित नारायणन या तरुण अभियंत्याने. वर सांगितलेल्या ‘विद्यासागर’ संस्थेतल्या मुलांबरोबर काम करत त्यांनी ‘आवाज’ हे यंत्र बनवले. २०१० साली त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे ते टॅब्लेटवरचे अ‍ॅप झाले. मुंबईच्या आयआयटीतल्या डिझाइन विभागात प्रा. रवी पूवैया यांच्या गटाने ‘जेलो’ हे अ‍ॅप केले. ते फुकट मिळते आणि मराठीत बोलते. त्यात मध्ये चित्रे असतात आणि दोन्ही कडांना सहा बटणे: आवडते, हो, आणखी, आणि आवडत नाही, नाही, कमी. चित्र आणि बटण मिळून वाक्य होते. सहांतली तीन बटणे नकाराची आहेत, हे मला फार शहाणपणाचे वाटले. आजारी माणसाला आणि लहान मुलाला ‘नको’ म्हणायचा हक्क आपण सहसा देत नाही.

मराठीच्या बाई म्हणून मला एक अडचण दिसते ती सांगते. इंग्रजीत पाणी मागायचे वाक्य सगळ्यांना एकच. मराठीत ‘पाणी दे’ की ‘पाणी द्या’, हे समोर धाकटी बहीण आहे की सासरे यावर ठरते. ‘मी जातो’ की ‘मी जाते’, हे बोलणारा कोण यावर ठरते. म्हणजे यंत्राला आधी घरातली नाती शिकवावी लागतात. शिवाय त्यातून निघणारा आवाज सगळ्यांना तोच. दहा वर्षांचा मुलगा आणि सत्तर वर्षांचे आजोबा एकाच आवाजात बोलतात, आणि कोल्हापूरचा गडीही प्रमाण मराठीत बोलतो! हे सुधारेल. पण तोवर तयार वाक्यांच्या बटणांबरोबर अक्षरांचा तक्ताही हवाच. बटणावर तेच असते जे दुसऱ्या कुणीतरी याला लागेल म्हणून ठरवलेले असते. विजेच्या बिलाचे बटण कोण ठेवणार? म्हणूनच न बोलणाऱ्या मुलाला लिहायला-वाचायला शिकवणे हा माझ्या मते सर्वांत मोठा उपाय आहे. चित्रांनी सुरुवात करावी, पण अक्षरांपर्यंत न्यावे. आमच्या वेळच्या शाळांत बाराखडी मोठ्याने म्हणता आली तरच ती आली असे मानत, आणि न बोलणारे मूल पटावर येतच नसे.

कायद्यालाही हे उशिराच उमगले. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते, त्यात वाचादोष वेगळा नव्हता. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यांत वाचा आणि भाषा यांचे अपंगत्व आले, आणि ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येत बोलण्याला पूरक आणि पर्यायी अशा साधनांचाही समावेश झाला. म्हणजे पुठ्ठ्यावर बोललेले आता कायद्याने बोलणेच आहे. बँकेत, इस्पितळात, परीक्षेच्या वर्गात हे दाखवून द्यायला हरकत नाही.

शेवटी ऐकणाऱ्यांसाठी चार गोष्टी, कारण सगळी यंत्रे झाली तरी हे काम आपल्याकडेच राहते. तक्ता त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि उजेडात धरा. त्याने ‘ओळखा’ म्हटल्याशिवाय वाक्य पुरे करू नका. अक्षर मोठ्याने म्हणा आणि लिहून ठेवा, कारण तिसऱ्या शब्दाला पहिला विसरतो. आणि तक्ता फक्त गरजेच्या वेळी काढू नका. रोज थोडा वेळ, काही काम नसताना, तो घेऊन बसा. कामाचे प्रश्न संपल्यावरच माणूस खरा बोलायला लागतो.

असो. आपल्यापैकी कुणाच्या घरी गरज असेल तर वरच्या नऊ ओळी एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवून घ्या. काळी शाई, मध्ये मोकळी जागा. पंधरा मिनिटांचे काम आहे.